चष्मेवाल्यांची हार्ड डिस्क

आता काय म्हणावं या माणसाला! दिवसभर दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारणार, “हे स्पष्ट दिसतंय की हे?” समोरचा घुटमळला की दटावणार, “पहिलं मनात येईल ते बोला हो!” आणि स्वतःला एक हार्ड डिस्क घ्यायची, तर तीन आठवडे झाले तरी चष्मेवाल्यांचं आपलं तळ्यात मळ्यात चाललेलं.

निकड मात्र खरी होती. जन्मभर जमवलेल्या रेकॉर्डी नि कॅसेटी त्यांनी एकेक करून संगणकावर उतरवल्या होत्या. अडतीस हजार गाणी, आणि सगळी एकाच जुन्या डिस्कवर. ती डिस्क आता कटकट वाजायला लागली होती. पहिल्यांदा तो आवाज ऐकला आणि तिथल्या तिथे तिची वायर काढून त्यांनी ती कपाटात ठेवली. नवीन डिस्क आली की हिला एकदाच जोडायचं, एकदाच सगळं उतरवायचं, असं ठरलं.

पण नवीन कोणती? फिरत्या तबकडीची घ्यावी तर ऐसपैस मिळते, पण हातातून पडली की कारभार आटोपला. चिपवाल्या एसएसडीत फिरणारं काही नाही, पण वर्षानुवर्षं विजेशिवाय ठेवली तर ती म्हणे विसरायला लागते. दोन डिस्क एकत्र बसणारी पेटी घ्यावी, तर घराला आग लागली की दोन्ही एकदमच जाणार! रोज संध्याकाळी ते संगणकाच्या दुकानात जात, खोके उलटसुलट करून वाचत आणि हात हलवत परत येत. जेवता जेवता उठून कपाट उघडून बघत.

“अहो, बसा की जरा! ती काय पळून जाणारेय?” बायको घोगऱ्या आवाजात म्हणायची.

तो घोगरा आवाज हेच तर खरं दुखणं होतं. एके काळी बाई काय गायच्या! अकरा वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाणं गेलं ते गेलंच. त्याआधी नऊ वर्षं त्या स्वयंपाकघरात गात असताना चष्मेवाल्यांनी गुपचूप टेप केलं होतं. दोनशे चाळीस फायली. तिला दिसलं तर जखमेवरची खपली निघेल, म्हणून त्यांनी त्या फोल्डरला नाव दिलं, ‘इतर’. घरात कुणाला पत्ता नाही.

“बाबा, निदान आवडीचं तरी आज पेनड्राइव्हवर घेऊ या,” मुलगी म्हणाली होती. आवडीचं कोणतं, ते तिला दाखवावं लागलं असतं. “अर्धवट कामं मला जमत नाहीत,” म्हणून त्यांनी तिला उडवून लावलं.

शेवटी मुलगीच वैतागली. सुट्टीच्या दिवशी तिने दोन डिस्क आणल्या आणि सकाळीच कामाला लागली. संध्याकाळी चष्मेवाले घरी आले तेव्हा ती खुशीत होती.

“झालं तुमचं लग्नकार्य! एक प्रत घरात, एक माझ्या ऑफिसात. सगळे गायक आले, सगळे वादक आले. फक्त शेवटी ‘इतर’ राहिलं आणि जुन्या डिस्कने मान टाकली. दुरुस्तीवाल्याकडे नेली, तर आतली तबकडीच खरवडली गेलीय म्हणाला. काही निघणार नाही. पण ‘इतर’ म्हणजे भंगारच ना?”

चष्मेवाले पायातले बूट न काढता खुर्चीत बसले. बायको समोर भाजी निवडत होती. ‘हो, भंगारच,’ एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. त्यांना ते म्हणवेना.

“त्यात हिचं गाणं होतं,” ते म्हणाले. “नऊ वर्षांचं.”

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. “बाबा, मला सांगायचं ना!”

बायकोचे हात थांबले होते. “माझं? आणि तुम्ही ऐकायचात?”

“रोज. डिस्क दुकानात न्यायचो, कानाला लावून ऐकायचो.”

“तुला त्रास होईल, म्हणून तुझ्यापासून...” ते समजावायला लागले.

“अकरा वर्षं मी आठवून बघतेय, माझा आवाज कसा होता,” ती म्हणाली. “आठवतच नाही हो. मला एकदा तरी ऐकवायचं होतंत.”