पारावर वाचलेला अर्ज

आधी लातूरच्या झेरॉक्सवाल्या अप्पांबद्दल सांगते, भावाचं मग. मी सातवीत शाळा सोडलेली, हिमायतनगरकडची, लातुरात शिकवणीच्या पोरांच्या मेसवर पोळ्या लाटणारी. अप्पा गळ्यात लिंग बांधणारे, मला ‘अव्वा’, म्हणजे आई, म्हणणारे. फाशी कुणालाच नको म्हणणारे पाच-सहा जण रविवारी त्यांच्या दुकानात बसायचे. लोक त्यांना ‘खुन्यांचे सोयरे’ म्हणायचे.

माझ्या भावानं शेजारची म्हातारी मारली आणि तिची सहा वर्षांची नात. ते मी कधी नाकारलं नाही. वरच्या कोर्टात फाशी कायम झाली तेव्हा गावात पेढे वाटले. एक पुडा आमच्या आईच्या ओट्यावर ठेवून गेले.

आता राष्ट्रपतींकडं दयेचा अर्ज तेवढा उरला होता. गावाच्या सह्या जोडल्या तर वजन येईल म्हणून अप्पा माझ्यासोबत गावी आले. मी कागद चुलत्याच्या हाती दिला. गावानं आधी केलेल्या ‘फाशी द्या’च्या अर्जावर पहिली सही त्याचीच होती, त्याला गावात राहायचं होतं. त्यामुळं लोकांना वाटलं, तोच अर्ज परत आलाय. आमच्याकडं पीकविमा असो की रस्ता, कागद कुणी वाचत नाही, ‘कुठं करू?’ एवढंच विचारतात. चुलता काही बोलला नाही. मला ठाऊक होतं, मीही बोलले नाही.

आम्ही पारावर गेलो तेव्हा तेरा सह्या झाल्या होत्या. एक म्हातारा अंगठ्याची शाई पुसत मला म्हणाला, “दोरी कमी पडली तर आमच्या बैलाचा कासरा घिऊन जा, बाई.” सगळे हसले.

अप्पांच्या ध्यानात आलं. मी त्यांची बाही धरली, गप्प राहा म्हणाले, जिवाचा सवाल हाय. त्यांनी हात सोडवला.

“अव्वा, फसवून घेतलेली सही चोरीची. चोरून दया मागावी का?”

ते उभं राहून वाचू लागले. कुणीतरी ढकललं, चष्मा पडला, एक काच तडकली. तो पुसून त्यांनी उरलेला अर्ज वाचला. मग त्या पोरीचा बाप हळूच म्हणाला, “माझी लेक बी हातापाया पडली असंल. तिचा अर्ज कुणी वाचला?”

अप्पांनी अर्ज पारावर ठेवला. ते मान खाली घालून उभे राहिले.

लोकांनी सह्या खोडल्या. पहिली चुलत्यानं, माझ्याकडं बघत. म्हाताऱ्याला अंगठा खोडता येईना, तर त्यानं थुंकी लावून तो घासला, कागद फाटेपर्यंत. राहिल्या दोन सह्या, अप्पांची आणि माझी. तोच फाटका अर्ज गेला. उत्तर अजून नाही. मेसचा फोन वाजला की माझी तव्यावरची पोळी करपते.

अप्पा, मी अजून अक्षरं लावून लावून वाचते, चारचौघांत तर आवाजच फुटत नाही. पण एक दिवस दुसऱ्या कुणाच्या भावाचा अर्ज मी त्याच्या गावच्या पारावर उभी राहून वाचीन. सह्या मागायच्या आधी.