दोन डाव्या बाह्या

सुरतेत रोज जेवढं कापड तयार होतं, तेवढं एकटीनं बिघडवण्याची ताकद कुणात असेल, तर ती माझ्या मामीत होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, आई गेल्यावर, मी धुळ्याहून सुरतेतल्या पांडेसऱ्याला मामांकडे राहायला आले. मामा डाईंग मिलमध्ये होते. छपाई चुकलेले, डाग राहिलेले तुकडे ते घरी आणायचे आणि त्यांतली उरलीसुरली चूक मामी पूर्ण करायची.

तिचं पायाचं मशीन खिडकीपाशी होतं. खिडकीखालून मिलचा नाला वाहायचा, रोज नव्या रंगाचा. ‘‘आज गुलाबी शे,’’ असं ती कौतुकानं म्हणायची आणि तिथंच हरवायची. पाय चालू, सुई चालू, मन मात्र बहुधा माहेरच्या मळ्यात. एकदा अशाच तंद्रीत तिनं माझ्या नव्या फ्रॉकच्या घेराला स्वतःचा पदर शिवून टाकला. फ्रॉक अंगात घालताच मी मैत्रिणींना दाखवायला जिन्याकडे धावले, तशी मामीही मागोमाग धावत आली. तिला यायचं मुळीच नव्हतं. मामांच्या शर्टाचा खिसा तिनं वरूनही शिवला, तेव्हा मामा तंबाखूची पुडी हातात घेऊन नुसते उभे राहिले. ‘‘बरं व्हयनं, तमाखू सुटी,’’ मामी म्हणाली. उशीचे अभ्रे तर चारही बाजूंनी बंद असायचे. टेप तिला अपमान वाटायचा. ‘‘ज्यास्ना डोयास्ले दिखत नही, त्यास्ले टेप लागस!’’ ती वितीनं मापायची, आणि तिची वीत तिच्या मनासारखी लहानमोठी व्हायची.

उसवताना मात्र ती जागी असायची. अर्धं ब्लेड कागदात गुंडाळून कायम तिच्या कनवटीला. ते ती इतकं अलगद फिरवायची की टाके निघायचे आणि कापडाला पत्ता लागायचा नाही. सरावच तेवढा होता म्हणा.

एवढा खटाटोप करूनही तिनं शिवलेलं काही कुणी घराबाहेर घालत नसे. मीसुद्धा शाळेत बाजारातलाच फ्रॉक घालून जायची. याचं तिला काही वाटत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नाही.

सात-आठ वर्षांनी माझं लग्न ठरलं. आमच्यात नवरीला मामाकडची पिवळी साडी नेसवतात. नात्यातल्या बायकांनी ब्लाऊजसाठी शिंपीही सुचवला. मामी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘‘तुना ब्लाऊज मीच शिवसू. मना हातना एक तरी कपडा उंबराबाहेर जाऊ दे, बेटा.’’ मला ते बंद अभ्रे आठवले, पण मी हो म्हटलं.

त्या ब्लाऊजसाठी तिनं आयुष्यात पहिल्यांदा टेप विकत आणला. चार वेळा माझं माप घेतलं. खिडकीही लावून घेतली. लग्नाच्या सकाळी ब्लाऊज अंगात चढवला तर गळा, पाठ, छाती सगळं नेमकं. मी तिला मिठी मारायला गेले, तर उजवा हात खांद्याच्या वर जाईना. मामीनं शिवण चाचपली. ‘‘मी दोन्ही बाह्या डाव्याच कापी टाक्यात.’’

बाजारातून तयार ब्लाऊज आणा, असा गलका झाला.  मामी नुसती त्या टेपची गुंडाळी करत होती.  ‘‘मी हाच घालणार,’’ मी म्हटलं आणि तशीच मांडवात गेले.

अंतरपाट धरला. पलीकडे उंच नवरा, अलीकडे हार धरलेले माझे हात आणि त्यांतला एक छातीपाशीच अडकलेला. मंगलाष्टकं संपत आली तशी मी घाबरले. मागे मामा उभे होते. त्यांच्या आडून मामी पुढे सरकली. काखेपाशी काहीतरी गार लागलं. एक टाका, दुसरा, तिसरा. कातडीला ओरखडासुद्धा नाही. ‘‘उचल आते हात, पोरी,’’ ती कानाशी म्हणाली.

अंतरपाट दूर झाला आणि माझा हात सरळ वर गेला.

मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा ब्लाऊज माझ्या कपाटात आहे. माझी सून शिवणात हुशार आहे. परवा तिनं काखेतली फट पाहून सुई-दोरा आणला, म्हणाली, दोन मिनिटांचं काम आहे. मी तिच्या हातातून ब्लाऊज काढून घेतला आणि तसाच, उसवलेला, घडी करून ठेवला.