मशीनमधलं खोबरेल

थंडीत आमच्या गॅलरीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवलेली असते. आज तिच्या शेजारी बायकोचं शिलाई मशीनही ऊन खात बसलं होतं. मशीन कुरकुरतं म्हणून काल आईने मायेने त्यात खोबरेल सोडलं आणि गारठ्यात ते आतच थिजलं. चाक हलेना.

"तुमच्या बहिणीचा साखरपुड्याचा ब्लाउज आज द्यायचाय हो!" बायको वैतागली.

"डोक्याला चालतं, तर मशीनला का नाही?" आईही हटेना.

मला दोघींपेक्षा तेलाचीच गंमत वाटत होती. मशीनचं तेल पातळ आणि अबोल. थंडी असो वा ऊन, लोखंडाला लोखंड घासू न देणं एवढंच त्याला कळतं. खोबरेल मात्र घरच्या माणसासारखं. गारठलं की अडून बसतं, ऊब मिळाली की विरघळतं.

उन्हं चढली तसं चाक फिरलं. बायकोने आतलं खोबरेल पुसून मशीनचं तेल घातलं, नव्या कापडाला डाग नको म्हणून आधी चिंधीवर शिलाई मारली, मग ब्लाउज पुरा केला. ती उठणार, तोच आईने उन्हातली बाटली आणून तिच्या टाळूवर तेल थापलं.

डोळे मिटून बायको म्हणाली, "आई, आता बरोबर जागी पडलं."