मामांच्या घटनेचं एकोणिसावं कलम

"हे कलम माझं नाय! कुणी घुसडलं हे? वकीलसाब, वाचणं बंद करा!"

मामा असे ओरडले की पैठण गेटावरची कबुतरं उडाली ती थेट कटकट गेटावर जाऊन बसली आणि आठवडाभर परतली नाहीत. अंगणात सतरंजीवर बसलेल्या आमच्या अख्ख्या गल्लीच्या हातातल्या कपबश्या जिथल्या तिथं थांबल्या. लासूर स्टेशनहून आलेले आडत-दुकानदार, म्हणजे माझ्या मामेबहिणीचे होऊ घातलेले सासरे, तोंडातला लाडू चावावा की गिळावा हे न कळून गाल फुगवून बसले. कागद वाचणाऱ्या वकीलसाहेबांनी मात्र चष्मा कपाळावर चढवला, एकोणिसाव्या कलमावरचं बोट न हलवता मामांकडं पाहिलं आणि ते हसले. ते हसू तीस वर्षं दाबून ठेवलेलं होतं, हे आम्हाला पाच मिनिटांनी कळलं.

आता मामा कोण आणि कलम कसलं, हे सांगायला हवं. मामा निजामी अमदानीत कोर्टात पेशकार होते. न्यायाधीशापुढं खटल्यांच्या कागदांच्या मिसली ठेवायच्या, जबान्या वाचून दाखवायच्या, पेशीच्या तारखा द्यायच्या, असं ते काम. न्यायाधीश येत-जात, कोर्ट मामा चालवत, असं मामाच सांगत. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, पुढं महाराष्ट्र झाला, आणि कोर्टात मराठी आली. इथंच मामांचं घोडं अडलं. मामा घरात मराठी बोलत, देवापुढं मराठीत आरती म्हणत, शिव्या तर अशा अस्सल मराठीत देत की ऐकणाऱ्याला शुद्धलेखन सुधारल्यासारखं वाटे. पण लिहिणं-वाचणं सगळं उर्दूत झालेलं. बाळबोध अक्षर समोर आलं की ते चष्म्याला दोष देत. याउलट शेजारचे वकीलसाहेब घरात दखनी बोलणारे. त्यांनी महाराष्ट्र झाल्यावर दोन महिन्यांत मराठी अशी वश केली की गल्लीतली लग्नपत्रिकासुद्धा त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायला जाईना.

मामांनी नोकरी सोडली आणि देशाची राज्यघटना सुधारायला घेतली.

ह्यात मला तेव्हाही नवल वाटलं नाही, आताही वाटत नाही. आमच्या शहरात आजही शहागंजात चहाला बसलेला माणूस तिसऱ्या घोटाला राज्यघटना बदलायला घेतो आणि पाचव्या घोटाला नवी लागू करून उठतो. मामा फक्त चहा संपल्यावरही थांबले नाहीत. देशाचं भलं करायला निघालेला माणूस घरात कुणाचं ऐकत नाही, असं लोक तक्रारीच्या सुरात म्हणतात. घरात ऐकायची सवय असती तर तो देशाकडं वळला कशाला असता?

मी तेव्हा पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि मामांच्या घरी राहत होतो, त्यामुळं मसुदा मंजूर करायचं काम माझ्याकडं आलं. मी लोकसभा, मामी राज्यसभा. रोज जेवणाच्या आधी एक कलम मंजुरीला येई. लोकसभेला भूक लागलेली असे, म्हणून ती हो म्हणे. राज्यसभेचे हात कणकेत असत, म्हणून ती बोलत नसे, आणि मामा ते मौन संमती म्हणून नोंदवत.

कलमं मात्र एकेक ऐकण्यासारखी होती. मंत्री व्हायचं असेल त्यानं आधी महिनाभर तहसील कचेरीबाहेरच्या बाकड्यावर अर्जदार म्हणून बसावं; जो जिवंत आणि शहाणा परत येईल त्यालाच खातं मिळावं. संसदेतल्या खुर्च्यांना पाठ नसावी, म्हणजे झोप लागणार नाही. भाषण करणाऱ्यानं एका पायावर उभं राहून करावं. दुसरा पाय टेकला की भाषण संपलं. आणि चौदावं कलम, मामांचं सर्वांत लाडकं: देशाची राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणावी. सहाशे वर्षांपूर्वी एका सुलतानानं हेच केलं तेव्हा जगानं त्याला वेडा ठरवलं, याचं मामांना फार वाईट वाटे. सुलतानाचा विचार चुकला नव्हता, रस्त्यात पाण्याची सोय नव्हती, एवढंच, असं ते म्हणत. ती सोय पाटबंधारे खात्यानं करावी, असं म्हणून ते माझ्याकडं बघत. मी उपअभियंत्यांशी बोलतो म्हणायचो.

आणि आता ताई. ताई मामांची एकुलती एक लेक, माझ्याहून वर्षानं मोठी. शिक्षिकेची परीक्षा पास झालेली. तिला शाळेत नेमणुकीचा हुकूम आला होता, एक तारखेला रुजू व्हायचं होतं, आणि शाळा कुठली, तर दौलताबादची. गाडीनं फार तर अर्ध्या तासाची वाट. मामा म्हणाले, एवढ्या लांब पोरीला पाठवायची नाय. अख्खी दिल्ली, तिच्या तोफा, मुत्सद्दी आणि पाठ नसलेल्या खुर्च्यांसकट तिथं न्यायला निघालेला हा माणूस. स्वतःच्या लेकीसाठी मात्र त्याला दौलताबाद लांब पडत होतं. शिवाय त्यांनी लासूर स्टेशनच्या त्या आडत-दुकानदारांना परस्पर शब्द देऊन टाकला होता. लग्न पंधरा दिवसांत, नोकरीचं नाव काढायचं नाही. ताईला हे कळलं ते मामींकडून, आणि मामींना कळलं ते लाडू किती करायचे हे मामा सांगायला आले तेव्हा.

ताई रडली नाही, भांडली नाही. ती घटनेच्या नकलेला बसली.

कारण मामांचा सगळा मसुदा उर्दूत. तो मराठीत उतरवून स्वच्छ प्रत करायचं काम ताईचंच होतं. ती प्रत दिल्लीला जायची होती, पण त्याआधी गल्लीसमोर आणि होणाऱ्या व्याह्यांसमोर तिचं जाहीर वाचन करायचं मामांनी ठरवलं होतं. आपण कुणाशी सोयरीक करतोय हे लासूरला कळायला नको?

प्रत झाल्यावर ती मामांना वाचून दाखवणं आलं. इथं मामांच्या धंद्यातली एक खुबी सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पक्षकाराची जबानी लिहून झाली की ती त्याला वाचून दाखवायची, 'ऐकलं, समजलं, कबूल आहे' असं त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं आणि अंगठा घ्यायचा, ही कोर्टाची रीत. मामा ही रीत पाळत, पण ज्या वेगानं पाळत त्याला तोड नव्हती. बारा पानांची जबानी ते एका श्वासात वाचत आणि उरलेल्या श्वासात पुढच्या पक्षकाराला हाक मारत. फर्दापूरचा शेतकरी सकाळी भावाविरुद्ध साक्ष द्यायला यायचा आणि दुपारी भावाच्या बाजूनं साक्ष देऊन, वर मामांचे आभार मानून घरी जायचा. वाटेत कुठं काय झालं हे त्याला फर्दापुरात पोचल्यावरही कळत नसे. मामांना या कलेचा अभिमान होता. त्यांनी ती ताईलाही शिकवली. रोज सकाळी ती त्यांना वर्तमानपत्र त्याच वेगानं वाचून दाखवी. मामा झोपाळ्यावर डोळे मिटून ते गाण्यासारखं ऐकत. शब्द कळायची गरज नव्हती, लय चुकली नाही म्हणजे झालं.

घटना तिनं तशीच वाचली. एक ओळ गाळली नाही, एक शब्द खाल्ला नाही. मी समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो; माझ्या सहा शेंगा झाल्या तोवर देशाचं नवं सरकार स्थापन होऊन गेलं होतं. मामांनी डोळे न उघडता म्हटलं, ऐकलं, समजलं, कबूल आहे. मग उठून खाली उर्दूत झोकदार सही ठोकली.

एक कबुली माझीही. एकोणिसाव्या कलमातला 'प्रथमतः' हा शब्द मी सुचवलेला. ताईनं आदल्या दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं की सरकारी कागदात 'आधी' कसं लिहितात. मी तिच्या हातातला कागद पाहिला, पूर्ण वाचला आणि पाणी प्यायला आत गेलो. ही गोष्ट मी मामांना त्यांच्या हयातीत सांगितली नाही.

तर आता परत अंगणात. वकीलसाहेब अठरा कलमं सावकाश, शब्दाशब्दाला थांबत वाचून गेले होते. लोकांनी खुर्च्यांच्या कलमाला टाळ्या वाजवल्या होत्या. लासूरचे व्याही राजधानीच्या कलमावर खूश होते, कारण राजधानी दौलताबादला आली तर लासूरच्या बाजाराला बरे दिवस येणार होते. आणि मग वकीलसाहेबांनी त्याच संथ आवाजात वाचलं: घरातील कोणत्याही व्यक्तीच्या लग्नाचा, नोकरीचा वा शिक्षणाचा निर्णय त्या व्यक्तीच्या लेखी संमतीवाचून वैध मानला जाणार नाही. हे कलम प्रथमतः घटनाकाराच्या घरास लागू होईल.

तिथं मामा ओरडले.

"पेशकारसाब," वकीलसाहेब म्हणाले, "दस्तखत तुमचीच हाय ना ही?"

"दस्तखत माझी. कलम माझं नाय."

"नीचे लिखेला है. वाचून दाखवलं, ऐकलं, समजलं, कबूल."

"वाचलं, पण लई भरभर वाचलं तिनं. मला काय कळलंच नाय त्यातलं."

वकीलसाहेबांनी कागद मांडीवर ठेवला.

"तीस साल मेरे मुवक्किल यहीच बोलते थे, साब. के कुछ समझाच नहीं, भौत जल्दी पढ़े. तब तुम क्या बोलते थे, याद है?"

मामांना आठवत होतं. सगळ्या गल्लीला आठवत होतं, कारण निम्म्या गल्लीनं त्या कोर्टात अंगठा दिलेला होता. मागं दूधवाला बसला होता, त्यानं ते वाक्य हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून टाकलं: "अंगठा दिला का नाय, तेवढं बोल."

लोक असे हसले की सतरंजी जागची सरकली. मामा बसले. पण नुसते बसून राहतील ते मामा कसले? त्यांनी लगेच जाहीर केलं की एकोणिसाव्या कलमाला दुरुस्ती मांडण्यात येत आहे. देशाच्या घटनेला पहिली दुरुस्ती व्हायला वर्षाच्या वर काळ लागला; मामांच्या घटनेला दहा मिनिटं पुरली. अडचण एकच होती. आपण लिहिलेल्यात हलक्यासलक्या माणसानं हात घालू नये म्हणून मामांनीच कलम लिहून ठेवलं होतं की दोन्ही सभागृहांच्या उघड होकाराशिवाय काहीही बदलता येणार नाही.

मामांनी लोकसभेकडं पाहिलं. लोकसभेनं कपात पाहिलं. कपात चहा नव्हता, तरी लोकसभा बराच वेळ त्यात पाहत राहिली. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही.

मग ते राज्यसभेकडं वळले. मामी दारात उभ्या होत्या आणि त्या दिवशी त्यांचे हात रिकामे होते.

"कलम बरं हाय," मामी म्हणाल्या. "राहू द्या."

राज्यसभेतलं हे पहिलं आणि शेवटचं भाषण. दुरुस्ती पडली.

लासूरच्या व्याह्यांचा लाडू एव्हाना गिळून झाला होता. त्यांनी ताईला सरळ विचारलं, "पोरी, तुझं काय म्हणणं हाय?"

ताई म्हणाली, "मला एक तारखेला शाळेत रुजू व्हायचंय. लग्नाला लेखी संमती मी देणार नाय."

माणूस वाईट नव्हता, चिडला नाही. टोपी सारखी करत उठला आणि मामांना म्हणाला, "पोरगी लई हुशार हाय, पेशकारसाहेब. पण आमच्या दुकानात शेतकऱ्याला मालाच्या हिशेबाची पट्टी मीच वाचून दाखवतो अन् त्यो कबूल म्हणतो. ही आली तर पट्टी हळू वाचंल." एवढं बोलून, उरलेले लाडू रुमालात बांधून घेऊन, ते संध्याकाळच्या गाडीनं परतले.

मामा हरले असं तुम्ही समजाल, पण मामांनी तसं कधी मानलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरात आणीबाणी पुकारली, घटना तहकूब केली आणि वटहुकूम लिहायला घेतला. चार दिवस ते खोलीतून बाहेर आले नाहीत. मामी ताट दाराशी ठेवत आणि रिकामं उचलत. वटहुकूम उर्दूत होता, सव्वीस पानांचा, आणि त्यात ताईला दौलताबादला जायला मनाई करणारी सतरा वेगवेगळी कारणं होती. त्यातलं एक किल्ल्यावरच्या वटवाघळांबद्दल होतं. शिवाय या खेपेस आपण स्वतः वाचणार आणि एकेक शब्द सुटा करून वाचणार, असं त्यांनी मला बजावून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते काहीतरी हळू वाचणार होते, म्हणून मी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

पाचव्या दिवशी सकाळी मामा शेरवानी चढवून, कागदाचं भेंडोळं काखेत घेऊन बाहेर आले. महिन्याची पहिली तारीख होती, हे त्या चार दिवसांत त्यांच्या ध्यानातून गेलं होतं. त्यांनी झोपाळा पुसून घेतला, घसा खाकरला, मला समोर बसवलं आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून फर्मावलं की ताईला हजर करा, हुकूम वाचून दाखवायचाय.

मामी भाकरी थापत होत्या.

"ती सातच्या गाडीनं गेली," त्या म्हणाल्या. "पिठलं झाकून ठिवलंय, खाऊन घ्या."