लेस्टर पाच आठवडे मागे

त्र्यंबकराव खारकरांनी जन्मात फुटबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता. चेंडूला त्यांनी एकदाच लाथ मारलेली, तीही शेजारच्या पोरांचा चेंडू ओट्यावर आला म्हणून. अंगठा असा सुजला की दोन दिवस कल्याणच्या ऑफिसात एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन गेले. तरी एकोणीसशे एकोणपन्नास साली डोंबिवलीत कुणाला लेस्टर सिटी नावाच्या विलायती क्लबाबद्दल काही विचारायचं असेल, तर त्याने त्यांच्याकडेच जायचं असा रिवाज पडलेला. विचारणारे आम्ही तिघेच होतो, ही गोष्ट वेगळी.

रेल्वेच्या ऑफिसात ते रजा आणि पेन्शनचे कागद सांभाळायचे. स्वभाव विलक्षण चौकस. वाण्याकडून हिंग आणला तरी पुडीचा कागद वाचल्याशिवाय टाकायचे नाहीत, आणि मजकूर अर्धवट फाटला असेल तर उरलेल्या अर्ध्यासाठी वाण्याकडे परत जायचे. डेस्मंड नावाचा एक अँग्लो-इंडियन गार्ड देश सोडून बहिणीकडे लेस्टरला निघाला, तेव्हा त्याचे तीन टेबलांवर हरवलेले पेन्शनचे कागद त्र्यंबकरावांनी शोधून दिले. बोटीत बसायच्या आधी त्याने विचारलं, "तिकडून काय पाठवू?" दुसऱ्या कुणी ब्लेड मागितली असती, लोकर मागितली असती. हे म्हणाले, "तुमच्या गावचं वर्तमानपत्र."

डेस्मंड पडला क्लबाच्या मैदानाजवळ राहणारा. त्याने दर शनिवारी संध्याकाळी निघणारा खेळांचा अंक धाडायला सुरुवात केली. बोटीने तो पाच आठवड्यांनी पोचायचा. कधी एकच यायचा, कधी दोन-तीन एकदम. मग त्र्यंबकरावांनी नियम घातला. त्यांच्या वडिलांकडे चातुर्मासात पोथी लागायची, रोज एक अध्याय, पुढचं पान उलटायचं नाही. तसाच दर शनिवारी एक अंक, पाच आठवडे पुरते झालेला. बोट लवकर आली तरी अंक कपाटात थांबायचा.

"पण काका, आलाय तर वाचूया की," मी एकदा म्हटलं. मी तेव्हा नुकता मामलेदार कचेरीत चिकटलेलो आणि प्रत्येक कागद तिथे कसा थांबतो ते रोज बघत होतो.

"परशुराम, शेवट आधी कळला तर मधल्याचं काय करायचं? लोणचं घालायचं?"

वाचन ओट्यावर व्हायचं. त्र्यंबकराव इंग्रजी वाचत आणि मराठी सांगत. ऐकायला मी, विमा कंपनीतले गुरुदत्त कोठारे आणि रेल्वेच्या गँगमधला भिवा. भिवा जुना हुतुतूचा गडी, त्यामुळे खेळ आम्हा सगळ्यांत त्यालाच कळायचा. सुमतीकाकू दाराआडून ऐकायच्या आणि आपण ऐकत नाही असं सांगायच्या.

लेस्टरची गत वाईट होती. बावीस संघांच्या दुसऱ्या वर्गात ते तळाशी घुटमळत होते, आणि वर्षअखेर खालचे दोन संघ तिसऱ्या वर्गात ढकलले जाणार होते. त्र्यंबकरावांना या गावाचं भारी कुतूहल. जाहिराती वाचून त्यांनी शोध लावला की तिथे मोजे आणि बूट होतात.

"सगळ्या इंग्लंडच्या पायांची काळजी वाहणारं गाव, आणि त्यांनाच पायांनी खेळता येऊ नये?"

"बूट विकायला ठेवत असतील, घालायला नाय," भिवा म्हणाला.

दिवाळीच्या सुमाराला डेस्मंडचं पत्र आलं. गावात त्याच्याशी फारसं कुणी बोलत नाही, मैदानात मात्र शेजारचा माणूस सिगारेट पुढे करतो, असं लिहिलेलं. खाली एक ओळ होती: हे तिसऱ्या वर्गात गेले तर मी मैदानाचं तोंड बघणार नाही आणि हा पेपरही घेणार नाही.

त्र्यंबकरावांनी ती ओळ आम्हाला दोनदा वाचून दाखवली. म्हणजे लेस्टर खाली गेलं की आमचा शनिवार गेला. त्या दिवसापासून ते गुणांचा तक्ता चष्मा पुसून वाचायला लागले.

आणि मग चमत्कार सुरू झाला. लीगमध्ये, म्हणजे आपल्या वर्गातल्या सामन्यांत, कुणाकडूनही मार खाणारा हा संघ, हरला तो बाहेर अशा कपाच्या सामन्यांत मात्र कुणाला आवरेना. बर्मिंगहॅमशी तीनदा खेळून एकदाचे जिंकले. ल्यूटनशी पाच-पाच बरोबरी झाली.

"पाच-पाच? मग?" भिवाने विडी विझवली.

"मग पुढच्या शनिवारी परत."

"म्हंजे मना आठ दिवस जेवन जानार नाय!"

परत खेळले तेव्हा पाच-तीन असे जिंकले. तीस एप्रिलला आमचा सव्वीस मार्चचा अंक लागला. त्यात उपांत्य सामना. समोर पोर्ट्समथ, पहिल्या वर्गात सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला संघ. लेस्टरने त्यांना तीन-एक हरवलं. त्र्यंबकराव उठून उभेच राहिले.

"सुमती, पेढे आण! लेस्टर फायनलला गेलं! आता तिसऱ्या वर्गाची भीती संपली."

"ती कशी?" गुरुदत्तांनी विचारलं.

"अहो, अख्ख्या इंग्लंडात जो फायनलला जातो त्याला खाली कोण ढकलेल? युनिव्हर्सिटीत नंबर आलेल्या मुलाला शाळेत नापास करतात का?"

आम्हाला पटलं. आम्हाला युनिव्हर्सिटीची फारशी माहिती नव्हती.

पेढा खाताना गुरुदत्तांनी अंकावरची तारीख पाहिली, मग बोटांवर काही मोजलं. "त्र्यंबकराव, फायनल कधी आहे?"

"तीस एप्रिल."

"आज तारीख काय?"

तारीख तीच होती. गुरुदत्तांकडे रेडिओ होता, आमच्या आळीतला एकमेव, आणि विलायतेत त्या वेळी दुपार होती.

"गुरुदत्त," त्र्यंबकराव सावकाश म्हणाले, "ऐकायचं तर ऐका. पण चार जूनपर्यंत तोंडातून शब्द काढलात तर या ओट्यावर पाय ठेवायचा नाही."

"छे हो! मी काय पोटात ठेवू शकत नाही?"

खरंच त्यांनी शब्द काढला नाही. पण एरवी त्र्यंबकरावांची टोपी, त्यांचं इंग्रजी, त्यांचा ओटा यांवर बोलल्याशिवाय ज्यांचा चहा गळ्याखाली उतरत नसे, ते गुरुदत्त दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याशी भयंकर चांगले वागायला लागले. "बसा, बसा, दमला असाल," म्हणायचे. एकदा त्यांची पिशवी स्टेशनपासून घरापर्यंत धरली. तिसऱ्या दिवशी भिवा माझ्या कानाशी लागला, "हारले वाटतं रं."

त्र्यंबकरावांनाही कळलं असणार. तरी त्यांनी पुढच्या शनिवारी दोन एप्रिलचा अंक उघडला आणि तक्त्याशी येऊन मात्र थांबले. लेस्टर अजून तळाशीच. खाली ठळक छापलेलं: फायनलिस्टांना उतरणीचा धोका कायम.

"म्हंजे कप येगला नि लीग येगली?" भिवा.

"तसं दिसतंय."

"मग पेढं कशाचं खाल्लं आमी?"

त्र्यंबकरावांनी चष्मा काढला. त्यांना इतकं ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. एक माणूस चार महिने दोन वेगळ्या वह्या एकच समजून वाचत होता, आणि तो माणूस रेल्वेत लोकांच्या रजेचे आणि पगाराचे तक्ते वेगवेगळे ठेवायचा. गुरुदत्तसुद्धा हसले नाहीत. रेडिओवर त्यांना फायनल कळली होती, पण दुसऱ्या वर्गाच्या तळाशी कोण आहे हे सांगायला रेडिओला वेळ नव्हता. त्या बाबतीत तेही आमच्याइतकेच अंधारात.

चार जूनला तीस एप्रिलचा अंक लागला. वुल्व्हज तीन, लेस्टर एक. लेस्टरचा एक चांगला खेळाडू आजारपणाने खेळूच शकला नाही, त्यांचा एक गोल रद्द झाला. त्र्यंबकरावांनी सगळं नीट सांगितलं, एखाद्या शहाण्या माणसाच्या अंत्ययात्रेची हकिकत सांगावी तसं. मग म्हणाले, "आता फक्त सात मेचा अंक. कार्डिफच्या मैदानावर शेवटचा सामना. त्यावर सगळं."

तो अंक गुरुवारीच आला. काकूंनी सांगितलं की हे घरी आले, वेष्टनावरचा शिक्का पाहिला, कपाटात ठेवून किल्ली जानव्याला बांधली आणि मग स्वतःच तीनदा कपाटाशी जाऊन आले. संध्याकाळी गुरुदत्त हजर.

"नुसता तक्ता बघू. एकच ओळ."

"शनिवारी."

"माझ्याकडे पुढच्या महिन्यात क्रिकेट ऐकायला या. खुर्ची देतो."

"शनिवारी, गुरुदत्त."

शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला भिवा आला. खांद्यावर वळकटी, हातात पावसाचं नवं इरलं. खडवलीला सासऱ्याच्या शेतावर भाताच्या कामाला चाललेला. गाडीला अर्धा तास होता.

"आता कधी येणार?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"रजा महिन्याची हाय. पन सासरा सोडंल तवा." तो उंबऱ्याशी बसला. "दादा, येक इचारू? त्यांचं काय जालं?"

"उद्या वाचायचाय."

"उद्या मी चिखलात आसन. तिकडं मना कोन सांगंल? खडवलीत लेस्टर कुनाला ठावं?"

त्र्यंबकराव किल्ली बोटाने फिरवत राहिले. चाळीस अंक त्यांनी नियमाने वाचलेले, एकही दिवस इकडचा तिकडे नाही. काकू आतून म्हणाल्या, "अहो, पोथी ऐकणाऱ्यासाठी असते ना? की कपाटासाठी?"

"तू तर ऐकत नाहीस ना?"

"नाहीच मुळी. पण उघडा लवकर, त्याची गाडी जाईल."

त्यांनी कपाट उघडलं. कचेरीत जाता जाता थांबलेला मीही आत घुसलो. त्यांनी वेष्टन फाडलं. सामन्याचं वर्णन त्यांनी वाचलंच नाही, सरळ तक्त्यावर गेले, आणि बोट खालून वर न्यायला लागले. लिंकन, तळाला. त्याच्यावर नॉटिंगहॅम. ते दोन्ही संघ गेले. त्याच्यावर एक नाव, आणि त्याच्यावर लेस्टर.

"वाचले," ते म्हणाले. "एका गुणाने. कार्डिफशी एक-एक बरोबरी."

"जितले नाय?"

"नाही."

"हारले बी नाय?"

"नाही."

"आन वाचले." भिवाने मान डोलावली, इरलं सावरलं. "आसं बी चालतंय म्हना," म्हणत तो स्टेशनच्या दिशेने जवळजवळ धावतच गेला.

त्र्यंबकराव ओट्यावर बसले. ऑफिसला उशीर होत होता, पण ते तारखा मोजत होते.

"परशुराम, तिथे आता ऑगस्टपर्यंत सामने नाहीत. म्हणजे आज त्यांच्याकडे जे झालंय तेवढं सगळं आपल्याला माहीत आहे. वर्षभरात पहिल्यांदा आपण त्यांच्या बरोबरीला आलो."

"आणि डेस्मंड साहेब?"

"तो आता पेपर घेईल. घ्यायलाच हवा." त्यांनी अंकाची घडी केली, पुन्हा उलगडली आणि मागच्या पानावरची बुटांची जाहिरात वाचायला लागले.

आतून काकू म्हणाल्या, "शनिवारी गुरुदत्तांना काय सांगणार?"

"वाचून दाखवीन की. पहिल्या ओळीपासून," ते म्हणाले. "नियम त्यांनी मोडला नाही, मी मोडला."