सापडलेली आणि पकडलेली मासोळी

नागपुरात मिहानमधल्या कंपनीत कामावर जाताना मला सक्करदऱ्याच्या तलावाकाठी एक काका रोज दिसायचे. एकाच दगडावर गळ टाकून बसलेले. नाव मी कधी विचारलं नाही.

यंदा वादळी पावसात तलाव रस्त्यावर आला. काकांचा दगड बुडाला आणि मासोळ्या डांबरावर उड्या मारू लागल्या. अख्खी वस्ती बादल्या घेऊन धावली. मीही एक जाडजूड मासोळी उचलली. काका गळ काखेत धरून नुसते पाहत उभे होते. मी मासोळी त्यांच्यापुढे धरली.

“घ्या न काका.”

“हे सापडली गा, पकडली नाही.”

“मग काकूले काय सांगाल?”

“तेच तर! ते म्हणते, पहिले मासोळी दाखव, मग मसाला वाटतो. आठवडाभर वरणच खाऊन राहिलो.”

तरी त्यांनी ती मासोळी खोल पाण्यात सोडली. “जा वं बाई, गळाले भेट.”

बाया हसल्या. मला मात्र पटलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे, आणि ती मी कॉपी न करता मिळवली आहे.

पाणी ओसरलं तेव्हा दगड गाळाखाली गेला होता. काका रोज नवी जागा धरायचे आणि रिकामे उठायचे. मग एका सकाळी त्यांनी मला हात करून थांबवलं. गळाला मासोळी होती.

“पकडली गा! तेच हाय, ओळखली मी!”

मला सगळ्या मासोळ्या सारख्याच दिसतात. तरी म्हणालो, “तेच हाय काका.”

“मंग फोन लाव काकूले, नंबर सांगतो. मसाला वाट म्हणा!”