न हलणारा हात

लहानपणी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत कानाशी 'फट्' असा आवाज झाला आणि मी आईच्या पदरात तोंड खुपसलं. फुगेवाल्याच्या बंदुकीनं एक फुगा फुटला होता, एवढंच! पुढं अख्खा जन्म मागाच्या खडखडाटात गेला, पण तो 'फट्' काही कानातून गेला नाही. असा भित्रा माणूस म्हातारपणी एअर पिस्तुलं दुरुस्त करत बसेल, हे कुणी सांगितलं असतं तर मीच हसलो असतो.

झालं असं की आमची यंत्रमागाची शेड बंद पडली, माग भंगारात गेले आणि मी राखणीला राहिलो. शेजारचे बिराजदार हवालदार फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडं लायसनचं बावीस बोअरचं पिस्तूल आहे, पण त्याची काडतुसं रोज उडवणं कुणाला परवडतंय? म्हणून सराव एअर पिस्तुलावर. त्यातून हवा गळायला लागली तेव्हा ते माझ्याकडं आले. मी वॉशर बदलला. तेव्हापासून आमच्या रिकाम्या शेडीत नेमबाजीची दहा मीटरची रेघ आखली गेली आणि किस्से साठायला लागले. मागाखाली कापसाचा भुसा साचतो ना, तसे. आज झाडा, उद्या तेवढेच!

* * *

शेडीत यायच्या आधी हवालदार घरीच सराव करायचे. दहा मीटर जागा मिळेना. शेवटी टेप लावून त्यांनी मोजलं. स्वयंपाकघराच्या ओट्यापासून न्हाणीघराच्या पत्र्याच्या दारापर्यंत बरोबर दहा! दारावर नेमाचं कार्ड चिकटवलं, श्वास रोखला आणि मारला पहिला छर्रा. ठण्ण!

दार उघडलं. आत हवालदारांची बायको, म्हणजे आमच्या काकू, अंघोळ करत होत्या! ओले केस, अंगाला कसंबसं गुंडाळलेलं लुगडं, हातात तांब्या.

काकू शांतपणे म्हणाल्या, "तुमी सतरा वर्सं सीमेवर हुता, तवा मी लई सुकात हुते!"

आम्ही हसतो, पण मला अजून त्या दाराचा पोचा बघवत नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे. कार्डामागच्या खोलीला कुलूप, आणि किल्ली नेम धरणाऱ्याच्या खिशात.

* * *

छर्रे अडवायला काय लावायचं? सोलापुरात हा प्रश्न पडतो का! जाड चादर घडी करून सैल लोंबती टांगायची. छर्रा तिच्यात शिरतो, दमतो आणि खाली पडतो. सगळे पडतात असं मात्र नाही.

थंडीत हवालदारांचे व्याही अकलूजहून मुक्कामाला आले. उन्हात टाकायला घरी आणलेली तीच चादर सुनेनं घाईत पांघरायला दिली. सकाळी व्याही चहाला आले, ते मूठ बंद करूनच. मूठ उघडली तर तळहातावर अकरा छर्रे!

म्हणाले, "ढेकणं आमच्याकडं बी हायती, हवालदार. पर शिशाची न्हाईत!"

* * *

आमच्या शेडीतली खरी नेमबाज लक्ष्मी. तिचे वडील नरसय्या माझ्याबरोबर मागावर होते. हवालदारांनी आपलं जुनं एअर पिस्तूल तिला वापरायला दिलं. घर दीड खोलीचं, म्हणून मी तिला पाच मीटरवरचं निम्म्या आकाराचं कार्ड करून दिलं. छर्रे संपले की नुसता हात स्थिर धरायचा. पिस्तुलाच्या वजनाची इस्त्री हातात घेऊन भिंतीवरच्या ठिपक्याकडं रोखून उभं राहायचं. रोज अर्धा तास.

एकदा शेजारची म्हातारी खिडकीतून बघून गेली आणि लिंबू, अंगारा घेऊनच परत आली. लक्ष्मीच्या आईला म्हणाली, "अगं, पोरीला काय धरलंय? मघापासनं भिंतीला इस्त्री दाखवतीय!"

* * *

नरसय्यांची एकच अट होती. लग्न ठरेपर्यंत खेळ, मग बंद. राज्याच्या संघाची निवड पंधरा दिवसांवर आली आणि तेवढ्यात लक्ष्मीला बघायला पाहुणे आले.

पोर चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. सहा कप, काठोकाठ भरलेले. बशीत एक थेंब नाही! मुलाची आत्या पोरीकडं न बघता कपांकडंच बघत राहिली. दुसऱ्या दिवशी निरोप आला : "मुलीचा हात जरासुद्धा थरथरत नाही. जिला बघायला आलेल्यांची भीती नाही, ती सासूला काय भिणार?"

हुंड्यावरून, पत्रिकेवरून मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. चहा सांडला नाही म्हणून मोडलेलं हे पहिलंच!

नरसय्या घरात एवढंच म्हणाले, "उद्या ते पिस्तूल परत देतो. बास झालं."

संध्याकाळी लक्ष्मी शेडीत आली. रडली नाही. मला म्हणाली, "मामा, हात थरथरायचा काही सराव असतो का हो?"

मी तिच्यासाठी चहा ठेवला.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसय्या आले. पिस्तूल पंच्यात गुंडाळलेलं. हवालदार आणि मी दोघंच होतो.

"तुमची वस्तू," नरसय्या म्हणाले.

"ठिवा तितं," हवालदार म्हणाले. "पर पोरगी दोन वर्सं काय करत हुती, ते एकदा बघून तरी जावा की."

"त्यात काय बघायचं? जत्रेतला खेळ."

"मग खेळा की! भेताय व्हय?"

नरसय्यांनी रागानं पिस्तूल उचललं. हवालदारांनी छर्रा घालून दिला, कसं धरायचं ते दाखवलं. चालत्या मागावर तुटलेला धागा जोडण्यात या माणसाची तीस वर्षं गेलेली. त्यांनी हात पुढं केला. एक. परत भरून दिलं. दोन. तीन.

हवालदार कार्ड काढायला गेले, ते तिथंच थांबले. तिन्ही छर्रे मधल्या काळ्या गोलाच्या खाली गेले होते. पण तिन्ही भोकं एकमेकांत शिरलेली, रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी!

"आई शप्पत!" हवालदार स्टुलावर बसलेच. "एवडं जमायला मला वर्स लागलं हुतं, नरसय्या!"

नरसय्या कार्डाकडं बघत राहिले. पिस्तूल खाली ठेवून त्यांनी रिकामा हात पुन्हा तसाच समोर धरला आणि त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. हात हलत नव्हता.

मग त्यांनी कार्डाची घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली. पिस्तूल पंच्यात नीट गुंडाळलं, काखेत घेतलं आणि घराच्या बाजूला चालायला लागले.